दस्तगीर शेख आणि माळावर उतरलेलं विमान

तामलवाडीच्या पलीकडच्या माळावर आमच्या पलटणीचा गार्ड होता तेव्हा मी नाईक होतो. हैदराबाद संस्थान विलीन होऊन काही वर्षं झाली होती. पोलीस ॲक्शनच्या वेळी त्या माळावर रोलर फिरवून विमान उतरायला एक पट्टी केली होती. पट्टी म्हणजे नुसता मुरूम. पुढं तिचं काम एवढंच उरलं की जमिनीचे नकाशे काढणारं सरकारी विमान महिन्यातनं दोन-तीनदा उतरायचं, पेट्रोल घ्यायचं आणि जायचं. पेट्रोलचे चाळीस ड्रम, एक वायरलेस सेट, दोन तंबू आणि मी धरून सात माणसं. गार्ड कमांडर मी.

माझं गाव तिथनं चार कोसांवर. लोक म्हणायचे, मगराच्या सोपानाची चैन आहे, दारात नोकरी. त्या पोस्टिंगच्या अकरा महिन्यांत मी दोनदा घरी गेलो. रजिस्टरला नोंद होती. कुणाला खरं वाटो न वाटो.

शिक्षणाचं आधीच सांगून टाकतो, कारण पुढं त्याचा संबंध आहे. निजामाच्या राज्यात मी तिसरीपर्यंत गेलो. मराठी वाचता येतं, सावकाश. उर्दू अक्षरं ओळखतो. इंग्रजीत मला फक्त माझी सही यायची. ती एका जुन्या हवालदाराकडनं शिकलो होतो. सही करून खाली एक रेघ ओढायचो. पगाराच्या दिवशी बाकीचे अंगठा उठवायचे आणि मी सही करायचो, तेव्हा मला बरं वाटायचं. ते खोटं सांगणार नाही.

शिपाई दस्तगीर शेख माकणीचा. वय चोवीस. बाप शेती करायचा, घरी ज्वारी आणि थोडी तूर. दस्तगीर अंगानं काटक, कबड्डीत कुणाला सापडायचा नाही. दंडाला काळ्या दोऱ्यात ताईत. तोंड एकसारखं चालू.

"नाईक, ह्या माळावर दुश्मन येणार कुठनं? देवीच्या मोटारीनं? तिकीट काढून?"

सोलापूरहून तुळजापूरला जाणाऱ्या मोटारी माळावरनं दिसायच्या, धुरळा उडवत.

"येईल तसा येईल. तू उभा राहा."

"उभाच हाय की. सावली बी म्हणती, आता बस की."

मी हसायचो नाही. गार्ड कमांडर हसला की गार्ड ढिला पडतो, असं माझं मत होतं. तंबूत जाऊन हसायचो.

दिवस ठरलेला होता. पाच वाजता स्टँड-टू, म्हणजे सगळे हत्यार घेऊन पहाऱ्यावर. सहाला चहा. साडेसहाला पट्टी चालून बघायची, कुणाची गुरं आली असतील तर हाकलायची, घुशींची बिळं बुजवायची. नऊला वायरलेसवर सोलापूरच्या कंट्रोलशी बोलणं. वायरलेसवर लान्स नाईक पिल्ले होता. तो मद्रासकडचा. मराठी एक शब्द नाही, पण इंग्रजी चांगलं. नऊच्या बोलण्यात कंट्रोल सांगायचा, आज विमान आहे की नाही.

माळावर पाणी नव्हतं. दोन मैलांवरच्या विहिरीवरनं बैलगाडीत पिंप भरून आणायचं आणि रांजणात ओतायचं. मी तिथं गेलो त्या पहिल्याच महिन्यात नकाशेवाल्यांचा एक साहेब विमानातनं उतरला. मी त्याचा पास तपासत उभा राहिलो, आणि तो उन्हानं चक्कर येऊन माझ्यापुढंच पडला. त्या दिवशी मी गार्डला हुकूम दिला: पाणी आधी, पास नंतर. आमच्याकडं दारात आलेल्याला नाव विचारायच्या आधी पाणी देतात. त्यात मला काही चूक वाटली नाही.

दुसरा हुकूमही माझाच. पेट्रोल काढताना सगळ्या रायफली तंबूत. लोखंडावर लोखंड घासून ठिणगी पडली तर चाळीस ड्रम आहेत, हा विचार. एक माणूस हातपंपावर, एक विमानाच्या पंखावर नरसाळं आणि गाळायचं कातडं धरून, एक वाळूच्या बादल्यांपाशी. दोघं नेहमी बाहेर, पाण्याला आणि रेशनला. पिल्ले सेटपाशी. उरला सन्तरी. मग पाणी द्यायला सन्तरीच जायचा, आणि ड्रमांजवळनं जायचं म्हणून त्याचीही रायफल तंबूत. हे कुठल्या पुस्तकात नव्हतं. पण असं आठ-दहा वेळा झालं, आणि कुणी काही बोललं नाही.

चैत्री पौर्णिमा होऊन चार दिवस झाले होते. नऊच्या बोलण्यात कंट्रोल म्हणाला, आज काही नाही. दहा पन्नासला पूर्वेकडनं इंजिनाचा आवाज आला. नकाशेवाल्यांचं विमान चांदीच्या रंगाचं. हे पिवळं होतं आणि लहान. एक फेरी मारली आणि दहा पंचावन्नला चाकं टेकली. विमान ड्रमांपाशी आलं, इंजिन बंद झालं. दोन्ही चाकांखाली आम्ही लाकडी ठोकळे सारले.

आत दोन माणसं. उजव्या दारातनं एक उतरला. पांढरी पँट, हातात तपकिरी बॅग. सरळ माझ्याकडं आला.

"हवालदारसाहब, बड़ी गर्मी है आपके यहाँ."

माझ्या बाहीवर दोन फिती होत्या. हवालदाराच्या तीन असतात. मी त्याला दुरुस्त केलं नाही.

दस्तगीर पाण्याचा मग भरून घेऊन आला. तो माणूस दोन मग पाणी प्याला, उभ्यानं, गटागटा. हाताच्या मागच्या बाजूनं तोंड पुसलं, शेतातला गडी पुसतो तसं. म्हणाला, असं गोड पाणी हैदराबादेत नाही. दस्तगीरच्या खांद्यावर हात ठेवला. आम्हाला माणूस आवडला. आज लिहिताना लाज वाटते, पण आवडला.

मग मी पास मागितला. त्यानं बॅगेतनं एक कागद काढून दिला. इंग्रजीत टाइप केलेला, खाली गोल शिक्का. सरकारी सर्व्हेचं काम आहे, आठ टिन पेट्रोल पाहिजे, म्हणाला. पिल्ले वीस पावलांवर तंबूत होता. त्याला हाक मारली असती तर त्यानं वाचून सांगितलं असतं. पण ज्यानं मला आत्ताच हवालदारसाहेब म्हटलं त्याच्यापुढं, मला वाचता येत नाही असं कसं म्हणायचं? मी कागद वरपासून खालपर्यंत बघितला, घडी केली, परत दिला आणि सॅल्यूट केला. त्या कागदावर काय लिहिलं होतं ते मला आजपर्यंत माहीत नाही.

पायलट आतच बसून होता. वय तिशीचं. दोन्ही हात पुढं, विमान चालवायच्या दांड्यावर. दस्तगीरनं डाव्या खिडकीपाशी जाऊन मग पुढं केला. पायलटनं मान हलवली. दस्तगीरनं परत पुढं केला. त्यानं परत मान हलवली.

दस्तगीर माझ्याकडं आला.

"न्हाय पीत म्हणतोय."

"का?"

"मला काय ठावं? नाव बी सांगितलं न्हाय म्या अजून."

तो हसत होता. मी त्याच्या दंडावरच्या ताईताकडं बघितलं आणि माझं डोकं तापलं. नाव कशाला सांगायला पाहिजे, ताईत दिसतोय की, असं मनात आलं. माझ्या गार्डमधल्या जवानाच्या हातचं पाणी ह्याला चालत नाही. मी पंपावर उभा राहिलो आणि पायलटला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालो, "साहेबांना आपल्या पाण्याचा विटाळ होतो. ऱ्हाऊ दे."

पायलटनं माझ्याकडं बघितलं. चांगला वेळ बघितलं. मी त्याच्याकडं पाठ केली आणि पंप मारायला लागलो.

जो पाणी प्याला त्याच्यावर आम्ही विश्वास टाकला. जो प्याला नाही त्याच्यावर आम्ही रुसलो. दुसऱ्या कुठल्या मुलखात गार्डनं अशी चूक केली असेल असं मला वाटत नाही. त्या माणसानं पायलटला सांगून ठेवलं असणार, हात दांड्यावरनं उचलायचा नाही, तोंड उघडायचं नाही. हे नंतर कळलं. कळलं म्हणजे मी ताडलं. सांगायला पायलट राहिला नाही.

अकरा वीसला आठ टिन पूर्ण झाले. पंखावरचा जवान खाली उतरला. पांढऱ्या पँटवाला आत चढून पायलटच्या शेजारी बसला आणि "जल्दी" म्हणाला. ठोकळे काढायचे होते. उजवा मी, डावा दस्तगीर.

दस्तगीरनं परत मग भरून घेतला.

"पुन्हा इचारतो त्येला."

"कशाला? नाक घासायला?"

"उन्हात बसलाय, नाईक. ओठ सुकल्यात त्येचे. जाऊ का?"

"जा. तुझी हौस."

तो विमानाच्या नाकापुढनं पलीकडं गेला. मी उजवा ठोकळा ओढून काढला आणि दहा पावलं मागं आलो. तिथनं मला विमानाच्या पोटाखालनं डावं चाक दिसत होतं आणि खिडकीतनं पायलटचं डोकं. पायलटचे ओठ हलले. दस्तगीर क्षणभर उभा राहिला. मग त्यानं हातातला मग खाली ठेवला. टाकला नाही, ठेवला. आणि चाकापुढं बसला. मला वाटलं ठोकळा काढतोय. इंजिन चालू झालं. तेव्हा दिसलं की तो ठोकळा आत दाबतोय. दोन्ही हातांनी धरून, खांदा लावून.

त्यानं तोंड माझ्याकडं केलं आणि ओरडला, "नाईक! रायफल! पिस्तूल हाय ह्याच्याकडं!"

इंजिनाच्या आवाजात ते बाकीच्यांना ऐकू गेलं नाही. मी सगळ्यात जवळ होतो. मला गेलं.

मी तंबूकडं पळालो. चाळीस पावलं. पाठीमागं दोन गोळ्या वाजल्या. वळून बघितलं तर तो माणूस पायलटच्या अंगावरनं वाकून खिडकीतनं झाडत होता. मी रायफल घेऊन बाहेर आलो तेव्हा विमान डाव्या चाकावर अर्धं फिरलं होतं. इंजिन वाढवलं, चाक ठोकळ्यावर चढलं, पलीकडं उतरलं, आणि विमान तिरकं होत पट्टीवर गेलं. अकरा सत्तावीसला चाकं सुटली. मी गुडघ्यावर बसून पाच राउंड झाडले. एकही लागला नाही. पुढं कितीतरी वर्षं मला त्याचं वाईट वाटायचं. आता वाटत नाही. आत पायलट होता.

दस्तगीरला एक गोळी मानेत, एक छातीत. मी त्याचं डोकं मांडीवर घेतलं. अकरा चाळीसला गेला.

पिल्ले सेटवर होता.

"हॅलो कंट्रोल. वन एअरक्राफ्ट, यलो, गॉन साउथ-वेस्ट. वन मॅन डाउन. ओव्हर."

"से अगेन. व्हॉट एअरक्राफ्ट? ओव्हर."

पिल्लेनं तीनदा सांगितलं. अकरा पन्नासला कंट्रोलकडनं संदेश आला: हैदराबादहून निघालेलं एक पिवळं विमान बेपत्ता आहे, आत एक संशयित इसम आहे, तुमच्याकडं उतरलं तर अडकवून ठेवा.

पिल्ले म्हणाला, "रॉजर." दुसरं काय म्हणणार?

मग त्यानं हेडफोन काढून ठेवला आणि तंबूबाहेर येऊन माझ्याशेजारी बसला. संध्याकाळी ट्रक आला. दस्तगीरला आम्ही माकणीला पोहोचवलं.

तिसऱ्या दिवशी ते विमान गोव्यात समुद्रकाठच्या एका पडीक शेतात सापडलं. गोवा तेव्हा पोर्तुगीजांकडं, म्हणजे परका मुलूख. विमान रिकामं होतं. पायलटचा पत्ता लागला नाही, आजपर्यंत नाही. पायलट त्याला सामील होता असंही काही लोकांनी छापलं. मी तसं म्हणणार नाही. सामील असता तर दस्तगीरला काही बोलला नसता. त्या माणसावर हैदराबादेत आधीच मोठे खटले होते, ते चुकवायला तो निघाला होता. त्याचं नाव पुढं सगळ्या पेपरांत आलं. मी इथं लिहीत नाही. मी दस्तगीरचं नाव लिहायला बसलो आहे.

पाचव्या दिवशी कोर्ट ऑफ इन्क्वायरी बसली. एक मेजरसाहेब, एक कॅप्टन आणि टाइप करणारा क्लार्क. मेजर चांगला माणूस होता, आवाज चढवला नाही.

"सन्तरी की रायफल कहाँ थी?"

"तंबू में, सर."

"पानी लेकर कौन गया?"

"दस्तगीर शेख, सर. सन्तरी."

"किसके हुक्म से?"

इथं मी थांबलो. फार नाही, एक श्वास घ्यावा एवढा. माझी दोन फितींची नोकरी, तिसरी फीत जवळ आलेली. मी म्हणालो, "हमारे यहाँ का रिवाज है, सर."

क्लार्कनं टाइप केलं. दस्तगीर काय ओरडला ते मी सांगितलं. मेजरनं विचारलं, हे आणखी कुणी ऐकलं? मी म्हणालो, नाही. टाइप झाल्यावर मेजरनं कागद माझ्यापुढं सरकवला.

"पढ़ना आता है, नाईक?"

"येस सर."

"पढ़ लो, फिर साइन करो."

माणसाला वाचायला जेवढा वेळ लागतो तेवढा वेळ मी कागद डोळ्यांपुढं धरला. मग सही केली. खाली रेघ ओढली.

आठ महिन्यांनी मी दुसऱ्या ठिकाणी होतो, तिसरी फीत मिळाली होती. रजेवर आलो आणि लोहाऱ्याहून चालत माकणीला गेलो. दस्तगीरचे वडील बाबूचाचा खळ्यावर बसले होते. त्यांनी मला ओळखलं. आत जाऊन एक कागद आणला. रेकॉर्ड ऑफिसचं पत्र होतं, शाळेच्या मास्तरांनी त्यांना वाचून दाखवलेलं. बाबूचाचांना ते पाठ होतं. तुमच्या मुलानं हुकमाशिवाय पोस्ट सोडली, हत्यार दूर ठेवलं आणि फरारी इसमाला पाणी दिलं, असं गार्ड कमांडरच्या जबानीवरून दिसतं. त्याचा त्या इसमाशी काही संबंध होता का, याचा तपास आरोपी सापडेपर्यंत पुरा होणार नाही. तोवर त्याचं नाव रोल ऑफ ऑनरवर, म्हणजे शहिदांच्या यादीत, घेता येत नाही. असं त्या पत्रात होतं.

"नाईक," बाबूचाचा म्हणाले. मी हवालदार झालो होतो, पण त्यांना तेच नाव माहीत होतं. "माझ्या पोरानं जागा सोडली?"

"नाही, चाचा."

"मंग हे गार्ड कमांडर कोण?"

"मी."

खळ्यावर त्यांचा धाकटा मुलगा महेबूब मळणीची पात हाकत होता, त्यानं बैल थांबवले.

मी म्हणालो, क्लार्कनं चुकीचं लिहिलं, मी तसं बोललो नव्हतो. मी अर्ज करतो, सगळं नीट होईल. ते म्हणाले, "करा." मी त्याच दिवशी परत निघालो.

अर्ज मी केले. एक नाही, पुष्कळ. रजेवर आलो की तुळजापुरात कचेरीबाहेर बसणाऱ्या अर्जनवीसाकडं जायचो. तो चष्म्यावरनं बघायचा.

"हुकूम कुणाचा होता, ते घालू का ह्यात?"

"त्याची गरज नाही. क्लार्कची चूक आहे, तेवढं घाला."

"सहीच्या आधी वाचलं नव्हतं, असं घालू?"

"तुम्हाला सांगतोय तेवढं लिहा."

तो लिहायचा. उत्तर ठरलेलं यायचं: आरोपी परदेशात आहे, प्रकरण खुलं आहे. मग माझा सगळा राग त्या माणसावर बसला. तो सापडला की सगळं सुटेल, ही गोष्ट मी मनाशी पक्की धरली. गोवा आपल्यात आला तेव्हा मी माझ्या कंपनीच्या कॅप्टनसाहेबांपुढं उभा राहिलो. म्हणालो, सर, आता तो सापडेल. कॅप्टन म्हणाले, मगर, तो केव्हाच जहाजानं गेला. आधी आफ्रिकेत होता, आता पोर्तुगालमध्ये आहे म्हणतात. तिकडनं माणूस आणायला कागद लागतात, आणि ते सरकार आपले कागद घेत नाही.

नोकरी संपवून मी गावी आलो. एके दिवशी पेपरात त्याचा फोटो आला. कुठल्याशा परक्या शहरात एका घराच्या गच्चीत खुर्चीवर बसलेला, पायाशी कुत्रं. खाली लिहिलेलं, भारताला हवा असलेला इसम सुखात राहतो. चावडीपुढं पोरंसोरं नव्हती, चांगली मोठी माणसं होती. एकजण म्हणाला, "सोपानआण्णा, तुमचा पाव्हणा आलाय बघा पेपरात. अंग चांगलं सुटलंय. तुमच्या पाण्याचा गुण."

सगळे हसले. मी त्याची गचांडी धरली. मग लोकांनी सोडवलं. घरी आलो तर बायको म्हणाली, "खोटं काय बोलला त्यो?" मी जेवलो नाही.

दुसऱ्या दिवशी तो पेपर घेऊन माकणीला गेलो. बाबूचाचा फार थकले होते, बाजेवर पडून होते. मी फोटो दाखवला. सांगितलं की हा बघा, हा इतक्या लांब बसलाय, हा हाती लागेपर्यंत फाइल बंद होत नाही, मी काय करू?

त्यांनी फोटो जवळ धरून बघितला. परत दिला.

"त्यो समिंदराच्या पल्याड हाय, नाईक," ते म्हणाले. "तुमी तर हितंच बसलाय की."

महेबूब दारात उभा होता. त्यानं मान खाली घातली. मला वाटलं तो माझ्यासाठी लाजतोय.

मी रागावून उठलो. पंचवीस मैल चालत-मोटारीनं घरी आलो आणि वाटेत स्वतःशी भांडत आलो. म्हाताऱ्याला काय कळतं, मी इतकी वर्षं त्याच्या पोरासाठी अर्ज करतोय, त्याचं काहीच नाही? असं सगळं. रस्ता संपला आणि भांडणही संपलं. माझ्या इतक्या अर्जांत एक वाक्य नव्हतं, आणि ते लिहायला कुणाला समुद्रापलीकडनं आणायची गरज नव्हती.

सकाळी तुळजापूरला जाऊन अर्जनवीसापुढं बसलो. म्हणालो, "आज तुम्ही विचारायचं नाही. मी सांगतो, तुम्ही लिहा." त्यानं चष्मा पुसला आणि लिहिलं. तहसीलदारापुढं शपथ घेतली. मराठीतच केलं, म्हणजे मला वाचता येईल. दोनदा वाचलं आणि मराठीत सही केली. रेघ ओढली नाही.

एक प्रत रेकॉर्ड ऑफिसला गेली. चार महिन्यांनी उत्तर आलं की तुमची जबानी मिळाली, ती फाइलला लावली आहे. फाइल अजून खुलीच आहे. तो माणूस तिकडं जिवंत आहे की मेला, मला माहीत नाही. पेपर मी आता बघत नाही. रोलवर दस्तगीरचं नाव नाही. माझ्या हयातीत येईल असं दिसत नाही. बाबूचाचाही पुढच्या वर्षी गेले. त्यांना दस्तगीरच्या शेजारीच ठेवलं.

पण ते जायच्या आधीचं एक सांगायचं राहिलं. शपथेची दुसरी प्रत घेऊन मी माकणीला गेलो होतो. जुम्म्याचा दिवस होता, नमाज होऊन लोक बाहेर पडले होते, मारुतीच्या पारावरचेही लोक उठून आले. महेबूबनं बाबूचाचांना पाठुंगळी आणून चावडीच्या ओट्यावर बसवलं. मास्तर म्हणाले, आणा, मी वाचतो. मी म्हणालो, नाही, मला वाचता येतं.

मी सावकाश वाचलं. वाकड्या अक्षरांपाशी अडलो, तिथं कुणी हसलं नाही.

"मी, त्या गार्डचा कमांडर, शपथेवर सांगतो. पाहुण्याला आधी पाणी द्यायचा हुकूम माझा होता. सन्तरीनं रायफल तंबूत ठेवायची हा हुकूम माझा होता. पायलटकडं दुसऱ्यांदा जायला परवानगी त्यानं माझ्याकडं मागितली आणि मी दिली. विचारलं तेव्हा मी हे सांगितलं नाही. न वाचता सही केली. शिपाई दस्तगीर शेख, राहणार माकणी, यानं त्या दिवशी हुकमाशिवाय एकच गोष्ट केली. तो विमानाच्या चाकापुढं बसला."

बाबूचाचा कानामागं हात धरून ऐकत होते. मी कागदाची घडी घालायला लागलो, तसा त्यांनी हात वर केला.

"मोठ्यानं वाचा," ते म्हणाले. "मागच्यांस्नी ऐकू आलं न्हाय."

मी पुन्हा पहिल्यापासून वाचलं.